दुसऱ्या लेकरासाठी गर्भाचं जनुक बदलून घ्यावं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे अंगात रक्त नीट तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला त्याला संभाजीनगरला न्यावं लागतं. पत्नी माझ्या मामाचीच मुलगी. आता दुसऱ्या लेकराचा विचार चालू आहे. क्रिस्पर या जनुक कापून बदलायच्या तंत्राने गर्भातच दोष काढता येतो असं एका व्हिडिओत पाहिलं, पण आपल्याकडे त्याला बंदी आहे म्हणतात. आजारी लेकरू जन्माला घातलेलं चालतं आणि त्याला आधीच दुरुस्त करणं मात्र अनैतिक, हा कुठला न्याय?’

सर, शेवटचं वाक्य तुम्ही रागात लिहिलंय. तो राग मला समजतो. पंचवीस वर्षं मी लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांचं काम करतोय, आणि रक्त चढवायच्या वॉर्डात बसलेल्या आईबापाला ‘निसर्गात ढवळाढवळ करू नये’ असं सांगायची माझी आजवर हिंमत झालेली नाही. पहाटेच्या एसटीने निघायचं, रक्त जुळतं का बघायची क्रॉसमॅच होईपर्यंत बाकावर बसायचं. पिशवी थंड आहे म्हणून आई ती पदरात धरून ऊब द्यायला जाते आणि सिस्टर ओरडते, ‘ताई, तसं करू नका.’ तिसऱ्या टोच्याला शीर सापडते, मग चार तास मोबाइलवर कार्टून. घरी गेलं की अंगात साठणारं लोह बाहेर काढायची गोळी रोज पाण्यात विरघळवून पाजायची, आणि लेकरू ती रोज थुंकणार. याला कुणी निसर्ग म्हणत असेल, तर त्यात ढवळाढवळ केलेलीच बरी.

म्हणजे माझी हरकत देवाधर्माची नाही. ती कशाची आहे हे सांगण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण व्हिडिओवाले त्या हमखास एकत्र कालवतात.

सातबाऱ्यावर नोंद चुकली की फेरफार घालावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. गंमत म्हणजे महसूल खातं इंग्रजीत फेरफाराला म्युटेशन म्हणतं आणि जनुकातल्या बदलाला आम्ही डॉक्टरही म्युटेशनच म्हणतो. आता समजा, तुमच्या हातातल्या झेरॉक्सवर एक अक्षर चुकलंय आणि ते तुम्ही पेनाने नीट केलं. तो कागद तुमच्यापुरता. पण तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंदच बदलली, तर पुढच्या प्रत्येक वारसाच्या उताऱ्यावर तेच उमटणार. आजारी माणसाच्या रक्ताच्या किंवा यकृताच्या पेशींमध्ये केलेलं जनुक संपादन हे झेरॉक्सवरचं काम आहे, ते त्या माणसाबरोबर संपतं. गर्भाचा गोळा अवघ्या काही पेशींचा असताना केलेलं संपादन हे दप्तरातलं काम. त्या लेकराच्या बीजपेशींतही (ज्यांतून पुढची पिढी होते) ते उतरतं आणि तिथून नातवंडांकडे जातं. भारतात बंदी आहे ती या दुसऱ्या प्रकाराला. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या जनुकोपचार मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट म्हटलेलं आहे.

पहिला प्रकार तर सुरूही झाला. क्रिस्परच्या कात्रीवरचा शोधनिबंध २०१२ चा, त्यासाठी एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सिकलसेल (हाही हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक आजार) आणि बीटा थॅलेसेमियासाठी कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेने डिसेंबरात सिकलसेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी दिली. यात बिघडलेलं जनुक दुरुस्त करत नाहीत, हे फार जणांना माहीत नसतं. आईच्या पोटात असताना लेकराचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल११ए नावाचं जनुक त्याला ब्रेक लावतं. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून तो ब्रेक तोडतात आणि पेशी परत देतात, मग गर्भातलं जुनं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. युक्ती अफलातून आहे. पण त्याआधी जड केमोथेरपी देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करावी लागते, त्यात पुढे मूल न होण्याचा धोका असतो, सुरुवातीची मान्यता बारा वर्षांपुढच्यांना होती आणि अमेरिकेतली सुरुवातीची किंमत २२ लाख डॉलर. तुमच्या मुलासाठी आजच्या तारखेला हा रस्ता नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत सिकलसेलवर देशी क्रिस्पर उपचाराचं काम चालू आहे, त्याच्याकडे मी डोळे लावून बसलोय. या प्रकाराबद्दल मला नैतिक अडचण दिसते ती एकच, पैशाची. ती मोठी आहे, पण सरकारने मनावर घेतलं तर सुटण्यासारखी आहे.

आता दप्तरातलं काम.

फेरफाराची नोटीस निघते, हितसंबंध असणाऱ्यांना हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. गर्भाच्या फेरफारात ज्यांचा हितसंबंध सगळ्यात मोठा, ते वारस जन्मलेलेच नसतात. परिषदांमध्ये हा मुद्दा फार जोरात मांडला जातो. मला तो अर्धाच पटतो. लेकराला विचारून कोण जन्माला घालतं? पोलिओचा डोस पाजताना कुठे त्याची संमती घेतो आपण? आईबापांनी लेकरासाठी ठरवायचं असतंच. माझ्या लेखी प्रश्न आहे तो चूक निस्तरायचा. डोसाची रिअॅक्शन आली तर ती एका लेकराला येते, आम्ही समोर असतो, इंजेक्शन हातात असतं. गर्भात कात्री भलत्याच जागी लागली तर ते विशीत कळेल, की त्या लेकराला लेकरू झाल्यावर कळेल, सांगता येत नाही. तोवर कात्री चालवणारा डॉक्टर पेन्शनवर गेलेला असतो.

आणि कात्री भलतीकडे लागते, ही नुसती भीती नाही. मानवी गर्भावर क्रिस्पर चालवल्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग २०१५ मध्ये चीनमध्ये झाला, आणि योगायोग बघा, तो तुमच्याच आजाराच्या जनुकावर होता. वाढूच शकणार नाहीत असे ८६ गर्भ त्यासाठी घेतले होते. हवी तशी दुरुस्ती झाली ती मोजक्याच गर्भांत. काहींत नको तिथे काप गेले, आणि दुरुस्त झालेल्या गर्भांतही काही पेशी बदललेल्या, काही तशाच राहिलेल्या. एकाच कणसात अर्धे दाणे एका वाणाचे आणि अर्धे दुसऱ्या, तसं. असा गर्भ तपासायचा तर त्यातल्या चार-दोन पेशी काढून तपासणार. त्या नेमक्या चांगल्या निघाल्या तर बाकीच्यांचं काय, हे कळायला मार्ग नाही. तंत्र तेव्हापासून सुधारलंय, पण ही अडचण मिटलेली नाही.

तरी एकाने ते करून दाखवलंच. चीनमधल्याच शेन्झेनच्या विद्यापीठातल्या हे जियानकुई या संशोधकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की त्याने संपादित केलेल्या गर्भांतून जुळ्या मुली जन्मल्या आहेत. वडिलांना एचआयव्ही होता. मुलींना तो होऊ नये म्हणून सीसीआर५ हे जनुक निकामी करायचं, असा बेत. पण वडिलांचं वीर्य धुऊन घेतलं की संसर्ग टाळता येतो, ही पद्धत वर्षानुवर्षं वापरात आहे, म्हणजे त्या मुलींना या कात्रीची गरजच नव्हती. शिवाय सीसीआर५ नसलेल्यांना वेस्ट नाइल नावाच्या विषाणूचा त्रास जास्त होतो. संमतीपत्रावर या सगळ्याला ‘एड्स लस विकास प्रकल्प’ म्हटलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड झाला.

मला त्यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते संमतीपत्र. आपल्या बीडमध्येच ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचं प्रकरण झालं, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायांच्या कागदांवरही सह्या आणि अंगठे होतेच की. डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’, आणि बाईने अंगठा उठवला. कोयत्यावर जायचंय, खाडा परवडत नाही, अशा माणसाची संमती म्हणजे काय असते, ते मराठवाड्यात दवाखाना चालवणाऱ्याने तरी विसरू नये. तुम्ही शिकलेले आहात, तरीही ‘दुसरं लेकरू निरोगी होईल’ एवढे शब्द कानावर पडल्यावर पुढची वीस पानं तुम्ही वाचणार नाही. मीही वाचली नसती.

सोनोग्राफीचं तर काय सांगू. यंत्र चांगलंच आहे, माझं एक दिवस त्याच्यावाचून चालत नाही. पण गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. लेकरू निवडायची सोय आपल्या हाती आल्यावर आपण पहिलं काय निवडलं, याचा तो हिशेब आहे. उद्या गर्भ संपादन खुलं झालं तर ते थॅलेसेमियापाशी थांबेल, असं मानायला माझं मन तयार नाही. मान्यता नसलेलं चोर बीटी बियाणं कसं गावोगाव पोचतं, हे कापूसवाल्यांना विचारा. मूळपेशींच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन काहीबाही टोचणारे दवाखाने आत्ताच आहेत. ‘गर्भाचं जनुक बदलून देतो’ म्हणून कुणी एजंट भेटला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

उंची, रंग, बुद्धी यांबद्दल एका ओळीत सांगतो, कारण पुढे कुणीतरी नातेवाईक विचारणारच. या गोष्टींमागे शेकडो-हजारो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, एक अक्षर बदलून त्या मिळत नाहीत. त्यापेक्षा लातूरची ट्यूशन स्वस्त.

जनुक ‘वाईट’ असतं म्हणजे काय, हेही किनवट-माहूरकडून येणाऱ्या पेशंटनी मला शिकवलं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. आई आणि बाप दोघांकडून तेच आलं तर लेकरू हाडांच्या कळांनी तळमळतं. पण एकाकडूनच आलं तर त्या माणसाला मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं, म्हणून तर जंगलपट्ट्यातल्या माणसांत ते टिकून राहिलं. आजच्या दवाखान्यात बसून जे टाकाऊ वाटतं, ते शंभर वर्षांनी कुठल्या साथीत उपयोगी पडेल, कोण सांगणार? हा मुद्दा वापरून मी आजाऱ्याचा उपचार कधीच अडवणार नाही. मूळ दप्तर बदलताना मात्र तो मनात ठेवावा.

आता तुमच्या घराचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तिथे आहे. तुम्ही दोघे मायनर, म्हणजे वाहक: सदोष जनुक एकेकच, म्हणून आजार नाही. प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता मेजरची, दोन मायनरची, एक अगदी कोऱ्या पाटीची. म्हणजे चारातल्या तीन वेळा तुमचं लेकरू तुमच्यासारखं किंवा तुमच्याहून निरोगी असणार आहे. गर्भ संपादन करायचं तर आधी टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करावे लागतील, आणि त्यांतला दुरुस्तीला आलेला कोणता, हे तपासावं लागेल. ते एकदा कळलं, की बिघडलेला दुरुस्त करत बसण्याऐवजी शेजारचा चांगला गर्भ सरळ आत ठेवता येतो! या तपासणीला २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूब उपचारांच्या) कायद्याने, माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांपुरती, परवानगी आहे. खर्च लाखांत जातो आणि एका खेपेत गर्भ राहीलच असं नाही. संपादनावाचून गत्यंतरच नाही अशी जोडपी जगात फार थोडी, उदाहरणार्थ नवरा-बायको दोघेही स्वतः मेजर. पंचवीस वर्षांत असं एकही जोडपं माझ्यासमोर बसलेलं नाही. मार्च २०२३ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतही पुढच्या पिढीत उतरणारं संपादन सध्या मान्य करण्याजोगं नाही, असंच ठरलं. तिथे क्रिस्पर उपचार घेतलेल्या व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलच्या पेशंट स्वतः बोलल्या होत्या. म्हणजे उपचार हवेत, दप्तरातली खाडाखोड नको, हे दोन्ही एकाच सभागृहात एका वेळी म्हणता येतं.

दुसरा मार्ग साधा आहे आणि बहुतेकजण तोच घेतात. नैसर्गिक गर्भ राहू द्यायचा, अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा कण काढून जनुक तपासायचं. गर्भलिंग कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी चालते असं लिहिलंय, तेव्हा घाबरू नका, फॉर्मवर सह्या करा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेत हे काम गेली कित्येक वर्षं चालतं. गर्भ मेजर निघाला तर ठेवायचा की नाही हे तुम्ही दोघांनी, त्यातही पत्नीने ठरवायचं. मी ठरवणार नाही, तुमच्या आईही नाहीत.

आणि इथेही नैतिक प्रश्न संपत नाही, हे लपवणार नाही. माझ्याकडे तिसऱ्या वर्षापासून रक्त घेणारा एक पोरगा आहे, आता एकोणीस वर्षांचा, फार्मसीला शिकतो. लग्नाआधी रक्त तपासा म्हणून मी एका कॉलेजात बोलत होतो, तो मदतीला आला होता. परतताना गाडीत म्हणाला, ‘सर, मेजर लेकरू नको, मेजर लेकरू नको, असं तुम्ही वीसदा म्हणलात. मी मेजरच आहे की. मंग मी नको होतो का?’ मी गाडी चालवत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हणालो, ‘आजार नको होता रे, तू हवा होतास.’ तो हसला. म्हणाला, ‘तपासणीत दोघं वेगळे निघत नाहीत ना सर.’ त्यावर माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही. फरक इतकाच पडला की आता कॉलेजात गेलो की आधी त्याला बोलू देतो, नंतर मी. तुमचा मुलगाही मोठा होऊन दुसऱ्या लेकराच्या वेळची ही सगळी चर्चा ऐकणार आहे. त्याच्यासमोर शब्द जपून वापरा.

माझी एक चूक सांगतो, तुमच्या घरी ती घडू नये म्हणून. सुरुवातीच्या काळात एका जोडप्यातल्या बायकोचा रिपोर्ट आधी आला, एचबीए-टू हे हिमोग्लोबिन वाढलेलं, म्हणजे ती वाहक. मी तो बाहेरच्या पॅसेजमध्ये सासूसमोर वाचून दाखवला. नवऱ्याचा रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता. मेजर लेकरू आहे म्हणजे आई-बाप दोघेही वाहक असणारच, हे मला पक्कं माहीत होतं, पण सासूला कुठे माहीत होतं? चार दिवसांत सून माहेरी गेली. नवऱ्याचा रिपोर्ट तसाच आला, तरी तिला परत आणायला सव्वा वर्ष लागलं. तेव्हापासून दोघांचे रिपोर्ट एकत्र आल्याशिवाय आणि दोघांना एकत्र बसवल्याशिवाय मी लिफाफा उघडत नाही. किनवटकडच्या पोरींचं तर सिकलसेलचं कार्ड बघूनच स्थळं परत जातात, आणि त्याच कार्डाची मुलं मात्र खुशाल बोहल्यावर चढतात. जनुक बदलायच्या नीतीवर आपण खूप बोलतो. जनुक नुसतं कळल्यावर माणसं काय करतात, त्याची नीती अजून आपल्याला जमलेली नाही.

मामाची मुलगी केली म्हणून हे झालं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. आजी-आजोबा एक असले की तेच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण आपल्या देशात शंभरातले तीन-चार जण थॅलेसेमियाचे वाहक आहेत, परक्या घरातही हे होतं. झालं ते झालं. तुमच्या भावंडांची, पत्नीच्या भावंडांची आणि लग्नाच्या वयाला आलेल्या चुलत-मामेभावंडांची एचबीए-टू तपासणी मात्र या महिन्यातच करून घ्या. क्रिस्परने जितकी लेकरं वाचतील, त्याहून कितीतरी जास्त या तपासणीने वाचतील, फक्त तिचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

पहिल्या लेकराबद्दल: त्याच्यासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा आज हातातला उपाय आहे, आणि यकृतावर लोहाचा परिणाम होण्याआधी केलं तर निकाल चांगले येतात. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र कुटुंबाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते, तिची चौकशी करा. दुसरं लेकरू ‘मोठ्याला मज्जा मिळावी’ एवढ्याचसाठी आणायचं असेल तर मात्र थांबा. जुळलं तर उत्तमच, पण न जुळलेल्या लेकराकडे बघताना घरातल्यांच्या चेहऱ्यावर काय दिसेल, याचा विचार आत्ता करा.

गर्भ राहण्याच्या आधी समुपदेशनाला या. तुमच्याकडे सापडलेलं नेमकं म्युटेशन कोणतं, हे आधी ठरलेलं नसेल तर बाराव्या आठवड्यात धावपळ होते. आपल्याकडे आयव्हीएस १-५ नावाचं म्युटेशन सर्वाधिक आढळतं, पण तुमचं तेच असेल असं धरून चालू नका. येताना दोघांचे एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारे) रिपोर्ट, मुलाचं रक्ताचं कार्ड आणि फेरिटिनचा, म्हणजे साठलेल्या लोहाचा, शेवटचा आकडा आणा. आणि पत्नीला घेऊन या, एकटे येऊ नका.